मांडणीवरच्या भांड्यांचा कुरिअरखर्च आधीच कसा काढावा

पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीजवळ आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर सासरे बसतात, ऑनलाइन विक्री मी बघते. दुकानातला एकही नग खोक्यात नसतो. कळश्या माळ्यावर, पराती भिंतीला टेकवलेल्या, समया काचेच्या कपाटात, पेले एकात एक. गिऱ्हाइकाला मात्र ऑर्डर देतानाच कुरिअरसकट रक्कम दिसायला हवी. म्हणजे जे पार्सल अजून बांधलेलंच नाही, त्याचं भाडं आजच सांगायचं. हाताने ठोकलेल्या भांड्यात नफा मुळात थोडा. भाड्याचा अंदाज चुकला की तो सगळ्यात आधी जातो, आणि मग कारागिराच्या मजुरीत घासाघीस सुरू होते. ते मला मान्य नाही, म्हणून हा हिशेब मी फार मनापासून करते.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं खरं वजन, दुसरं खोक्याने गाडीत अडवलेल्या जागेचं, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. दोन्हीत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. जागेचं वजन काढायला खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि 5000 ने भागायचं. उत्तर किलोत येतं. काही कंपन्या 4500 किंवा 4000 ने भागतात, तेव्हा आपल्या दरपत्रकात कोणता आकडा आहे ते सर्वांत आधी बघा. भाजक लहान म्हणजे भाडं जास्त. तोंडी हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं: 5000 चा भाजक असेल तर पाच लिटर जागा म्हणजे एक किलो. एक फूट लांब, रुंद, उंच असं खोकं नुसतं हवा भरून पाठवलं तरी साडेपाच किलोच्या वर धरलं जातं.

आमच्या धंद्यात हे फार बोचतं, कारण कळशी म्हणजे पोकळ पोट. मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी घडवलेली, एक मध्यम कळशी घ्या: पोटाचा व्यास 24 सेंमी, उंची 26, वजन 1.4 किलो. ठोकर लागू नये म्हणून सगळ्या बाजूंनी चार-चार सेंमी जागा सोडली की खोकं 32 × 32 × 34 होतं. गुणाकार 34,816, भागिले 5000, म्हणजे 6.96 किलो. भांडं, खोकं आणि भरण मिळून काट्यावर जेमतेम सव्वादोन किलो भरतं, पण पैसे सात किलोचे लागतात. म्हणून भांडं काट्यावर ठेवून भाडं ठरवू नका. आधी खोकं ठरवा.

खोकं ठरवायला प्रत्येक नग बांधून बघायची गरज नाही. माल आकाराच्या घराण्यांत वाटा. आमच्याकडे ती अशी आहेत: पोकळ व उभी (कळशी, घागर, हंडा), पसरट (परात, ताम्हण, ताट), उंच व सुटी होणारी (समई), आणि लहान व भरीव (पंचपात्र-पळी, निरांजन, घंटा). प्रत्येक घराण्यातला एक लहान आणि एक मोठा नग खराखुरा बांधा, अगदी चिकटपट्टी मारून, लेबलच्या कागदासकट. मधल्या मापांना अंदाज लावता येतो. पोकळ भांड्याला चार सेंमी सोडावेच लागतात, कारण काठ दाबला गेला की भांडं परत कारागिराकडे जातं. निरांजनाला दोन पुरतात.

माप नेहमी खोक्याच्या बाहेरून घ्या. खोकेवाला आतलं माप सांगतो, कुरिअरवाला बाहेरचं मोजतो. पाच पदरी पुठ्ठ्याचं खोकं आतल्या मापापेक्षा साधारण एक सेंमीने मोठं भरतं. आणि वरची झाकणं फुगलेली असतील तर फुगवट्यावरून माप घेतलं जातं. त्या एका सेंटिमीटरचं महत्त्व परातीत कळतं. 40 सेंमी व्यासाची, सहा सेंमी खोल परात 46 × 46 × 12 च्या खोक्यात घातली तर 5.08 किलो होते आणि साडेपाच किलोच्या टप्प्यात जाते. तीच 45 × 45 × 11 मध्ये नीट बसवली तर 4.46, म्हणजे साडेचार. एक सेंमी कमी करून अख्ख्या किलोचं भाडं वाचतं. भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतं आणि टप्पा नेहमी वरचाच धरला जातो, हे त्यामागचं कारण.

टप्प्याचा खेळ लहान वस्तूंत उलटा चालतो. तिथे जागा नाही, काटा महत्त्वाचा. पंचपात्र-पळीचा जोड 400 ग्रॅमचा. जाड खोकं, दोन वेढे बबल रॅप, भरपूर पट्टी असं 130 ग्रॅमचं वेष्टण झालं की 530 ग्रॅम, म्हणजे एक किलोचं भाडं. तीन पदरी लहान खोकं आणि मोजकं बबल रॅप वापरून वेष्टण 70 ग्रॅमवर आणलं तर 470, अर्ध्या किलोत बसलं. 495 वर थांबू नका. हबवरचा, म्हणजे कुरिअरवाल्यांच्या माल जमवण्याच्या केंद्रातला, काटा आपल्या काट्याशी ग्रॅमला ग्रॅम जुळेलच असं नाही. वर्तमानपत्र भांड्याला थेट लावू नका, दमट हवेत उजाळलेल्या तांब्यावर डाग पडतात. आत बटर पेपर, बाहेर बबल रॅप.

समईचं गणित मला सगळ्यात आवडतं. दीड फुटाची, तीन किलोची पितळी समई उभी बांधली तर खोकं 24 × 24 × 51, म्हणजे 5.88 किलो, सहाचा टप्पा. पण समईचे आटे फिरवून बैठक, दांडा आणि वरचा दिवा वेगळे होतात. बैठक आडवी, तिच्यावर दिवा, बाजूला दांड्याचे तुकडे असं लावलं की 34 × 26 × 18 मध्ये सगळं मावतं: 3.18 किलो. आता काट्यावरचं 3.4 जास्त ठरतं आणि साडेतीनचा टप्पा लागतो. आमच्या आजेसासूबाई समई माळ्यावर ठेवताना अशीच सुटी करून जुन्या धोतरात गुंडाळत, आणि मला बांधणी तिथूनच सुचली. सोबत जोडणीचा फोटो पाठवला की गिऱ्हाईक गोंधळत नाही.

आता दर. आकडे उदाहरणादाखल घेते, तुमचे तुमच्या करारातून घाला. समजा पहिल्या अर्ध्या किलोला 45 रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 40. साडेतीन किलोच्या समईला 45 अधिक सहा वेळा 40, म्हणजे 285. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 336 रुपये. हीच समई सहा किलोच्या खोक्यात गेली असती तर 572. दरपत्रकात इंधन अधिभार वेगळा लिहिलेला असेल तर तो आधी मिळवा आणि मग जीएसटी लावा.

दर अंतरावरही ठरतो. मी प्रत्येक घराण्याचं भाडं चार पिनकोड टाकून बघते: पुण्यातलाच एक, नागपूर 440010, बंगळूर 560001 आणि गुवाहाटी 781001. लहान वस्तूंना देशभर एकच भाडं ठेवते, बंगळूरच्या दराइतकं, कारण जवळच्या ऑर्डरमध्ये उरतं ते लांबच्या ऑर्डरमध्ये भरून निघतं. कळशी, घागर, परात यांना मात्र पिनकोडप्रमाणेच भाडं लावते. तिथे पुणे आणि गुवाहाटी यांच्यातला फरक इतका मोठा असतो की सरासरी धरली तर जवळच्या गिऱ्हाइकावर अन्याय होतो. हंडा किंवा बंबासाठी हवाई कुरिअर बघूच नका. रस्त्याने जाणाऱ्या जड मालाचा वेगळा दर मागा, नाहीतर ट्रान्सपोर्टने पाठवा.

भाड्यात खोकं, बबल रॅप, पट्टी आणि बांधणाऱ्या मुलाचा वेळ मिळवा. कॅश ऑन डिलिव्हरी देत असाल तर तिचं शुल्क वेगळं लागतं, आणि गिऱ्हाइकाने पार्सल घेतलं नाही तर जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन्ही भाडी आपल्या अंगावर येतात. वीस पार्सलांत एक परत येत असेल तर त्या दोन भाड्यांच्या बेरजेचा विसावा भाग प्रत्येक ऑर्डरवर टाकावा लागेल. मी जड भांड्यांना ही सोय ठेवलेलीच नाही. सात किलोचं भाडं दोनदा भरून कळशी परत दुकानात आणण्यात कुणाचंच भलं नाही.

हे सगळं एका वहीत लिहा. भांड्याचं नाव, नुसतं वजन, खोक्याचा क्रमांक, बांधल्यावरचं वजन, जागेचं वजन, लागणारा टप्पा. आम्ही खोक्यांची मोजकी मापं ठरवून त्यांना क्रमांक दिले आहेत, त्यामुळे नवं भांडं आलं की ते कोणत्या क्रमांकात बसतं एवढंच बघायचं. पाठवताना प्रत्येक पार्सलचे फोटो काढा: काट्यावरचा आकडा, मोजायची टेप लावलेल्या तिन्ही बाजू आणि लेबल. हबवर जास्त वजन लावून बिल आलं तर हेच फोटो पुरावा म्हणून लागतात, आणि तक्रारीला मुदत असते, तेव्हा बिल आल्याच दिवशी वहीशी पडताळा.

एका ऑर्डरमध्ये दोन-तीन भांडी असतील तर भाड्यांची बेरीज करू नका. वजनं मिळवावी लागतात, जागा नाही. कळशीच्या तोंडातून पेले आत जात असतील तर ते मऊ कापडात गुंडाळून पोटात ठेवा. मघाच्या कळशीत दोन किलोचे पेले घातले तरी काट्यावर सव्वाचार किलोच होतात आणि जागेचे सात किलो तेवढेच राहतात, म्हणजे पेल्यांचं भाडं शून्य. साइटवर मी हे सरळ लिहून ठेवलंय: कळशीसोबत पेले घेतल्यास पेल्यांना वेगळा कुरिअरखर्च नाही. फक्त तोंडाचा व्यास आधी मोजा, कारण कळशीचं पोट मोठं असलं तरी गळा अरुंद असतो.

लग्नसराईत आहेरासाठी एकदम पन्नास-साठ तांबे मागवले जातात. तेव्हा नगावारी भाडं विसरा. मोठ्या सात पदरी खोक्यांत भरून ट्रान्सपोर्टचा दर घ्या, आणि माल परराज्यात जाणार असून किंमत 50,000 रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, तयारी आधीच करून ठेवा, म्हणजे ट्रक नाक्यावर अडकणार नाही.