शाळेत शांत, घरी आकांत: स्वमग्न मुलामुलींच्या पालकांसाठी

शाळेतून एकही तक्रार नाही, उलट ‘शांत बसते’ असा शेरा. आणि उंबरा ओलांडला की दप्तर भिरकावणं, किंचाळणं, मनगट चावणं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलींमध्ये हे फार दिसतं. मुलगा बहुधा वर्गातच उठून पळतो, ढकलतो, म्हणून त्याच्याकडे लवकर लक्ष जातं. मुलगी मैत्रिणी हसल्या की हसते, त्यांचीच वाक्यं म्हणते, दिवसभर स्वतःला आवरून धरते. तो सगळा शीण घरी सुटतो. (काही मुलगेही असंच करतात.) तिची चिंता, पोटदुखी, शाळेला जायची टाळाटाळ ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून दिली जाते आणि निदानाला उशीर होतो.

हट्ट आणि मेल्टडाउन (सहन न होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं) यांत गल्लत करू नका. हट्टात हवी ती वस्तू मिळाली की मूल थांबतं. मेल्टडाउनमध्ये वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण आवाज, उजेड, अचानक झालेला बदल हे सगळं त्याच्या सहनशक्तीपलीकडे गेलेलं असतं. तिथे शिक्षा उपयोगाची नाही.

कारण शोधायला १४ दिवस एक वही ठेवा. रकाने असे: वेळ, आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, किती मिनिटं चाललं, नंतर तुम्ही काय केलंत. ‘खूप चिडली’ असं लिहू नका. ‘४.२०, मिक्सर लावला, डावं मनगट ३ वेळा चावलं, ९ मिनिटं’ असं लिहा. शेजारी रात्रीची झोप, शौचाला झाली का, आणि वयात आलेल्या मुलीची पाळी यांचीही नोंद हवी. ज्याला सांगता येत नाही त्याची दाढदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता वागण्यातून बाहेर पडते. वागणं एकाएकी बदललं तर पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे.

वही वाचताना शेवटचा रकाना नीट बघा. अभ्यास काढला, मुलाने डोकं आपटलं, तुम्ही घाबरून पुस्तक मिटलंत. असं चार वेळा झालं असेल तर डोकं आपटणं हा त्याचा ‘नको’ हा शब्द आहे. त्याला दुसरा, सोपा शब्द द्या: ‘थांबूया’ लिहिलेलं किंवा हाताचा पंजा काढलेलं एक कार्ड. ते शांत वेळी, सोप्या कामात, दिवसातून ५-६ वेळा वापरून घ्या. कार्ड पुढे आलं की लगेच २ मिनिटं काम थांबवा. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते: ‘एवढी ओळ संपव, मग’ असं म्हटलं की कार्डावरचा विश्वास उडतो आणि डोकं पुन्हा भिंतीवर जातं.

ओरडल्यावर मोबाइल द्यायचा नाही असं ठरवलंत, तर सुरुवातीचे काही दिवस ओरडणं वाढेल. त्यात कोणी एकदाही दिला, तर मूल शिकतं की आणखी जोरात ओरडायचं. म्हणून आजी-आजोबांसह सगळ्यांचं एकमत झाल्यावरच सुरुवात करा.

शाळेतून आल्यावर पहिली ३०-४० मिनिटं प्रश्न विचारू नका, ‘डबा संपवलास का?’ हासुद्धा नको. रोज तोच क्रम ठेवा: पाणी, खाऊ, मग पडदे ओढलेली खोली किंवा झोका. मिक्सर आणि कुकर त्याआधी उरकून घ्या.

मेल्टडाउन सुरू झालाच तर एकानेच बोलावं, तेही दोन-तीन शब्द. बाकीच्यांनी खोलीबाहेर जावं. टोकदार वस्तू हलवा. मूल डोकं आपटत असेल तर हात धरून ठेवू नका, डोकं आणि भिंत यांमध्ये उशी सरकवा. मिठी मुलाला हवी असेल तरच मारा. त्या संध्याकाळी समजावणं नको, मूल थकलेलं असतं.

स्वतःला इजा किंवा मारहाण थांबत नसेल तर बालमनोविकारतज्ज्ञ रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल सुचवू शकतात. या गोळ्या चिडचिड कमी करतात, स्वमग्नता नाही, आणि भूक व वजन वाढू शकतं, म्हणून दर महिन्याला वजन लिहा. मोठी मुलगी ‘जगायचं नाही’ म्हणाली तर ते मनावर घ्या, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

वहीची पानं वर्गशिक्षिकेलाही दाखवा. मधल्या सुट्टीतल्या गोंगाटाऐवजी वाचनालयात १० मिनिटं बसू देणं, एवढी एकच मागणी आधी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते, त्यामुळे अशी सोय मागणं हा मुलाचा हक्क आहे.