स्की रिसॉर्टवर अख्खा सीझन काढायचाय? बर्फ ओळखायचा कसा आणि अंग टिकवायचं कसं

रिसॉर्टच्या ॲपवर सकाळी २० सेंमी नवीन बर्फ दिसला की सगळ्यांची झोप उडते, पण सीझनभर तिथेच राहणाऱ्याने तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा असं माझं मत आहे. आधी तीन गोष्टी बघा, रात्री वारा किती होता आणि कुठून होता, तापमान चढत गेलं की उतरत गेलं, आणि आकाश ढगाळ होतं की मोकळं. आकडा खोटा नसतो हो, पण तो मोजतात एका ठरलेल्या जागी, साधारण डोंगराच्या मध्यावर वाऱ्यापासून आडोसा बघून ठेवलेल्या फळीवर, आणि तुम्ही ज्या उतारावर जाणार तो त्याच्या ५०० मीटर वर नाहीतर खाली, भलत्याच दिशेला तोंड करून असतो. आणि ते "बेस १८० सेंमी" (म्हणजे जमिनीवर साचलेला एकूण बर्फ) वगैरे जे लिहितात त्यावरून दगड-झुडपं झाकली गेलीत का एवढंच कळतं, आज मजा येईल का ते नाही कळत.

वाऱ्याने सगळं गणित बदलतं. ज्या बाजूने वारा येतो तिकडचा बर्फ तो खरवडून नेतो आणि डोंगराच्या धारेपलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. त्यामुळे १० सेंमी पडलेल्या दिवशी एका उतारावर जुना टणक थर उघडा पडलेला असतो आणि पलीकडच्या घळीत गुडघाभर बर्फ, दोन्ही एकाच लिफ्टवरून. गोची अशी की वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, वाटेत आपटून त्याचे स्फटिक मोडतात आणि एकमेकांत घट्ट बसतात, वरून गुळगुळीत दिसतो आणि पायाखाली फळी असल्यागत लागतो. रिसॉर्टच्या आत तो नुसता वैताग, बाहेर तोच हिमस्खलन होऊन जीवावर उठतो, त्याबद्दल खाली लिहिलंय. बाकी जोराच्या वाऱ्यात वरच्या चेअरलिफ्ट बंदच ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज वाईट दिसला तर पहाटे उठून रांगेत कुडकुडत बसू नका, खालच्या झाडीतल्या रन (स्की करायच्या आखलेल्या वाटा) बघा.

पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, कशी असेल ते तापमानावर. ताज्या १० सेंमी बर्फाचं वितळून साधारण १ सेंमी पाणी होतं असं धरतात, पण चांगली थंडी असेल तर तेवढ्याच पाण्याचा १५-२० सेंमी हलका बर्फ पडतो आणि शून्याच्या आसपास पडला तर जड, ओला, गुडघे मोडणारा. जपानमधल्या होक्काइदोचं एवढं नाव का आहे, तर सायबेरियातली गार हवा समुद्रावरून येताना ओलावा उचलते आणि तिथल्या डोंगरांवर दिवसेंदिवस हलका बर्फ टाकत राहते. सगळ्यांच्या नशिबात ते नसतं, म्हणून अंदाज बघताना शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे ते शोधायची सवय लावा. त्या रेषेच्या साधारण २००-३०० मीटर खालपर्यंत बर्फ हा बर्फ म्हणूनच पोचतो, त्याखाली पाऊस. आणि उंचीबरोबर दर १००० मीटरला साधारण ६-७ अंश उतरतात, त्यामुळे खोलीबाहेरचा थर्मामीटर बघून वर काय असेल याचा अंदाज लागतो, फक्त कधीकधी गार हवा दरीत साचून राहते आणि वरच उबदार असतं, तेव्हा हा हिशोब उलटा.

आता सीझन कसा पुढे सरकतो ते. सुरुवातीचे आठवडे, उत्तर गोलार्धात नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर आणि दक्षिणेत जून, बहुतेक रिसॉर्टवर मशीनच्या बर्फावर निघतात. मशीन चालवणारे नुसतं तापमान नाही, हवेतला ओलावाही बघतात, हवा कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही बर्फ करता येतो आणि दमट असेल तर उणे २-३ पर्यंत थांबावं लागतं. या बर्फाचे दाणे बारीक, गोल, घट्ट, त्यामुळे तो टिकतो जास्त पण कडकही असतो, आणि मुख्य म्हणजे तो असतो एका अरुंद पट्ट्यावर जिथे अख्खं गाव उतरलेलं असतं. पडायला, आणि त्याहून जास्त दुसऱ्याने येऊन धडकायला, हाच काळ. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १० नियम आहेत ते सगळे वाचा, पण एक तरी डोक्यात पक्का बसवा, पुढच्याचा हक्क पहिला, वाट मागून येणाऱ्याने बदलायची. या दिवसांत काही सिद्ध करायला जाऊ नका, स्कीच्या कडांना धार लावून घ्या आणि रुंद वळणं घेत पायांना सवय करा.

ग्रूमिंगचं एक कुणी सांगत नाही. रात्री मशीन उतार दळून काढतात, त्यानंतर तो बर्फ परत पक्का व्हायला काही तास लागतात. म्हणजे संध्याकाळीच ग्रूम केलेली रन सकाळी घट्ट आणि पळती मिळते, पहाटे केलेली मऊ असते आणि लवकर उखडते. कुठली रन कधी करतात हे ॲपवर नसतं, ग्रूमिंगवाल्यांशी ओळख करून घ्या, ते लोक गप्प असतात पण विचारलं की भरभरून सांगतात. रेषा रेषा असलेल्या त्या ताज्या ग्रूमवर पहिला एक तास म्हणजे सुख, त्यानंतर ढीग आणि मधे मधे काचेसारखा टणक बर्फ.

जानेवारीतला बर्फ सगळ्यात चांगला आणि जगणं सगळ्यात अवघड, दिवस छोटे, थंडी कडाक्याची. फार थंडीत, उणे १५-२० च्या खाली, स्की सरकेनाशी होते कारण तळाखाली घर्षणाने जो पाण्याचा पातळ थर बनतो तो नीट बनतच नाही. अशा दिवशी थंडीचं वेगळं वॅक्स (स्कीच्या तळाला लावायचं मेण) लागतं, आणि सपाट वाटेवर स्नोबोर्डवाल्यांचे हाल बघवत नाहीत.

मार्चपासून घड्याळ पूर्ण बदलतं, आणि इथे आकाश मोकळं होतं का या प्रश्नाला अर्थ येतो. रात्री ढग नसतील तर बर्फ आपली उष्णता वर फेकून देतो आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर गोठत नाही आणि सकाळी ८ पासूनच चिखल. चांगलं गोठलेल्या दिवशी पहाटे सगळं टणक असतं, मग ऊन लागलं की वरचे २-३ सेंमी सुटतात, जाड्या मिठाच्या खड्यांसारखे दाणे होतात, आणि तो तास-दीड तास पावडरपेक्षाही भारी असतो (यावर भांडायला मी तयार आहे). उत्तर गोलार्धात आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे असं उन्हाच्या मागे मागे फिरायचं, घोट्यापर्यंत पाय रुतायला लागला की तो उतार सोडायचा. उत्तरेकडच्या सावलीत मात्र थंड कोरडा बर्फ बरेच दिवस टिकतो, तो राखून ठेवा.

ढगात सापडलात आणि उतार-सपाटी काहीच कळेना झालं तर झाडीच्या रन धरा, खोडांमुळे डोळ्याला खोली कळते. गॉगलची पिवळी किंवा गुलाबी लेन्स जवळ ठेवा. पण भरपूर बर्फ पडलेला असताना सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ खड्डा राहतो, त्यात डोकं खाली होऊन पडलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही. झाडीत एकट्याने जायचं नाही, आणि जोडीदार दिसत राहील, हाकेच्या अंतरावर राहील असं जायचं.

आता हिमस्खलन. रिसॉर्टच्या हद्दीत पॅट्रोलचे लोक पहाटे स्फोटकं लावून धोकादायक उतार मोकळे करतात, मोठ्या स्नोफॉलनंतर वरची लिफ्ट उशिरा उघडते ती यामुळे, तेव्हा खाली उभं राहून त्यांच्या नावाने बोटं मोडू नका. हद्दीची दोरी ओलांडली की मात्र सगळं तुमच्यावर. धोक्याची पातळी १ ते ५ अशी देतात आणि लोक फसतात ३ वर, कारण ३ म्हणजे मधलं, म्हणजे ठीकठाक, असं वाटतं, आणि मृत्यूंचा मोठा हिस्सा याच पातळीच्या दिवसांत होतो. सुटणारे उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे नेमके स्की करायला आवडतात तेच. आणि माणसं सापडतात त्या बहुतेक वेळा थर त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या वजनानेच सुटलेला असतो, वरून आपोआप आलेला नसतो. गाडला गेलेला माणूस जिवंत निघायची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ नसतो, बरोबरचाच माणूस शोधणार. ट्रान्सिव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र, सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी कुठलीही असो), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), तिन्ही प्रत्येकाकडे, आणि वापरायचा सराव झालेला. सीझनच्या सुरुवातीलाच एक कोर्स करा, ज्यांच्याबरोबर जाणार त्यांनाही करायला लावा. नाहीतर दोरीच्या आत थांबा, आत काय कमी बर्फ असतो?

काम निवडताना पगाराआधी वेळ बघा. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात सकाळचा सगळा चांगला वेळ गिऱ्हाइकांच्या बुटात जातो, लिफ्टवर दिवसभर बाहेर उभं राहायचं पण बर्फाची खबर पहिली मिळते, इन्स्ट्रक्टर दिवसभर स्कीवर असतो पण नवशिक्यांच्या उतारावर. माझ्या मते रात्रीचं किचन किंवा बार सगळ्यात फायद्याचं, फक्त शिफ्टनंतरची पार्टी आवरली पाहिजे, ती रोज असते. करारात किमान तासांची हमी आहे का ते नीट वाचा कारण बर्फ आला नाही की पहिली कात्री हंगामी लोकांच्या तासांना लागते. विम्यात ऑफ-पिस्ट (आखलेल्या रनबाहेरचं स्कीइंग) धरलंय का आणि डोंगरावरून खाली आणायचा खर्च आहे का, हेही आधी विचारा. स्टाफ पास दुसऱ्याला वापरायला देऊ नका, पास जातो, कधी नोकरीही.

सामानात पैसे घालायचे तर बुटात घाला, स्की भाड्याची चालते. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा, टाचेमागे साधारण दीड-दोन सेंमी जागा हवी, त्याहून जास्त असेल तर तो बूट दुकानात कितीही आरामशीर वाटला तरी सीझनभर छळणार. मोजा एकच आणि पातळ, दोन घातल्याने पाय जास्त गार पडतो कारण रक्त दबतं. रोज रात्री आतला बूट काढून वाळवा पण हीटरला चिकटवून नाही. एकाच खोलीत चौघांचे ओले कपडे वाळत असतील तर खिडकी रोज थोडा वेळ उघडायचीच, कितीही थंडी असो, नाहीतर महिन्याभरात भिंतीला बुरशी आणि सगळ्यांना खोकला. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) मित्राच्या सांगण्यावरून घट्ट करू नका, वजन, उंची, वय, लेव्हल आणि बुटाच्या तळाची लांबी बघून दुकानात सेट करून घ्या, कारण सुटायला हवी तेव्हा सुटली नाही की गुडघा जातो.

आणि गुडघाच जातो सहसा. सीझन म्हणजे सुट्टी नाही, आठवड्याच्या सुट्टीवर आलेला माणूस सकाळी ९ ते ४ ओढू शकतो कारण त्याला परत जायचंय, तुम्हाला एप्रिलपर्यंत टिकायचंय. रोज दोन तास, चांगल्या वेळेला, आणि मांड्या थरथरायला लागल्या की खाली. "शेवटची एक रन" संध्याकाळच्या उखडलेल्या बर्फावर, उंचसखल कळत नाही अशा उजेडात, दमलेल्या पायांनी असते, ती घेऊच नका. काठीचा पट्टा मनगटात अडकवून पडलात तर अंगठ्याचा सांधा दुखावतो, झाडीत तर पट्टा काढूनच ठेवा. २५०० मीटरच्या वर झोपायचं असेल तर पहिले काही दिवस डोकं दुखेल, झोप मोडेल, पाणी भरपूर आणि दारू कमी. उन्हाचं हलक्यात घेऊ नका, दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. ढगाळ दिवशी गॉगल काढून फिरलेले लोक रात्री डोळ्यात वाळू गेल्यागत रडत बसतात.

लिफ्ट बंद व्हायच्या आठवड्यात सगळे पार्टीत असतात, तेव्हाच खोलीचं डिपॉझिट आणि शेवटचा पगार मार्गी लावा, नंतर ऑफिसात कुणी सापडत नाही. कामाचं पत्र मागून घ्या, पुढच्या सीझनला दुसरीकडे अर्ज करताना लागतं. स्की स्वतःची असेल तर कडा कोरड्या पुसून गंज काढा, तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच ठेवून द्या, बूट पूर्ण वाळवून बकल हलकेच लावून ठेवा म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. ट्रान्सिव्हरमधली बॅटरी काढायला विसरू नका, आत गळली की यंत्र गेलं.