टी-मूल्य काढण्याआधी वजाबाकीचा रकाना बघा

मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. दर वर्षी पहिल्याच तासाला कोणीतरी विचारतंच, "मॅडम, गणित सुटावं म्हणून तर मी हा विषय घेतला, मग हे स्टॅटिस्टिक्स कशाला?" विचारणारा मनापासून विचारत असतो. मीही मनापासून सांगते: आठ माणसं एका विशिष्ट तऱ्हेने वागली, तर त्यात खरंच काही आहे की तो त्या दिवसाचा योगायोग, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. ते ठरवायला लागणारं गणित म्हणाल तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ. मुलं अडतात ती दुसरीकडेच. आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला की तो कोणाचा, कधीचा, कशाचा, हे विसरायला होतं, आणि तिथून पुढे सगळं घसरतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की तुमचा पहिला प्रयोग पूर्णपणे कागदावर सोडवा. एकदाच, पण अख्खा.

आमच्याकडे सुरुवात स्ट्रूपपासून होते. जे. रिडली स्ट्रूपने हा प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध केला. रंगांची नावं दुसऱ्याच रंगाच्या शाईत छापायची, म्हणजे "लाल" हा शब्द निळ्या शाईत, आणि माणसाने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. त्याच्या विद्यार्थ्यांना शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि शंभर विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. आम्ही तीस शब्दांच्या दोन याद्या करतो. एकीत शब्द आणि शाई जुळतात, दुसरीत जुळत नाहीत. निम्मे सहभागी आधी जुळणारी यादी घेतात, निम्मे आधी न जुळणारी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच यादीला मिळत नाही. हातात स्टॉपवॉच. एका बॅचचे आठ जणांचे सेकंद मी अजून शिकवायला वापरते:

जुळणारी यादी: २१, १८, २४, २०, १९, २५, २२, १९
न जुळणारी यादी: ३०, २९, ३०, ३४, २७, ३५, २५, ३०

सरासरी २१ आणि ३०. इथे बहुतेकांचा हात थेट सॉफ्टवेअरकडे जातो. थांबा. तिसरा रकाना आखा आणि प्रत्येकाची वजाबाकी लिहा: ९, ११, ६, १४, ८, १०, ३, ११. आता हा रकाना एकदा मोठ्याने वाचा. आठही आकडे अधिक आहेत, एकही माणूस उलट्या दिशेला गेलेला नाही. एकाला १४ सेकंद जास्त लागले, एकाला जेमतेम ३. तुमच्या प्रयोगाचा निकाल या रकान्यातच आहे. पुढचं गणित फक्त त्यावर किती विसंबायचं ते सांगतं.

वजाबाक्यांची बेरीज ७२, सरासरी ९. प्रत्येक वजाबाकीतून ९ वजा करा: ०, २, उणे ३, ५, उणे १, १, उणे ६, २. त्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली तर इथेच चूक सापडली, पुढे जाऊ नका. वर्ग करून मिळवा, ८० येतात. आता ८० ला ७ ने भागायचं, आठने नाही. का, हे मला दर वर्षी विचारलं जातं आणि ते विचारलंच पाहिजे. ९ वजा करून आलेले हे आकडे, म्हणजे विचलनं, मिळून शून्य होतात, म्हणजे सात माहीत असली की आठवं आपोआप ठरतं. मोकळी माहिती सातच आहे. त्यालाच पुस्तकात स्वाधीनता मात्रा म्हणतात. भागून आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा. ते प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. आठने भागलंत तर ते ३.१६ येईल, सातने भागलंत तर ३.३८. छोट्या नमुन्यात हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

पुढची पायरी म्हणजे ३.३८ ला ८ च्या वर्गमुळाने भागणं. येतात १.१९५. ही प्रमाण त्रुटी. याच तऱ्हेचे दुसरे आठ जण बसवले, मग तिसरे आठ, तर सरासरी फरक साधारण किती हलेल, याचा हा अंदाज. आणि टी म्हणजे तुमचा फरक या हलण्याच्या किती पट आहे ते. ९ भागिले १.१९५, म्हणजे ७.५३. कोष्टकात ७ स्वाधीनता मात्रा आणि ०.०५ पातळीसमोर, दोन्ही बाजू धरून, २.३६५ लिहिलेलं असतं. म्हणजे खरोखर काहीच फरक नसता, तर टी याच्या पलीकडे शंभरात पाचच वेळा गेला असता. आपला आकडा त्याच्या कितीतरी पुढे आहे. अशा निकालाला "सार्थक" म्हणतात.

हे कोष्टक ज्याच्यामुळे आलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि त्याने १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने लेख लिहिला. त्याच्यापुढची अडचण आपल्यासारखीच होती, हाताशी असलेले नमुने थोडे. "आठच माणसं आहेत, काय कळणार?" असं कोणी म्हणालं की मी त्याची गोष्ट सांगते.

आता एक प्रसंग सांगते, कारण वजाबाकीच्या रकान्यावर मी इतकी अडून का बसते ते त्यातूनच कळेल. एका वर्षी दोघांच्या जोडीने रिपोर्ट आणून दिला: "स्ट्रूप परिणाम आढळला नाही. टी १.२७." दोघंही खट्टू झाले होते आणि चर्चेत पानभर कारणं लिहिली होती: नमुना लहान, खोलीत आवाज, सहभागी थकलेले. मी मूळ कागद मागवला. कागदावर स्ट्रूप परिणाम स्वच्छ दिसत होता. वरचेच आठ जण ते. पहिल्या सहभागीचे ३० सेकंद टाइप करताना ३०० झाले होते, बस्स. त्या एका शून्याने सरासरी फरक ९ वरून ४२.७५ वर गेला. फरक वाढला, तर टी वाढायला हवा असं वाटतं ना? पण त्याच शून्याने प्रमाण विचलन ३.३८ वरून ९५.५ वर नेलं, आणि टी ७.५३ वरून १.२७ वर आला. सॉफ्टवेअरने काही तक्रार केली नाही. त्याला माहीत नाही की तीस शब्दांना कोणी पाच मिनिटं घेत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, कारण स्टॉपवॉच तुमच्या हातात होतं.

म्हणून आकडे भरून झाले की एक जण कागदावरून वाचेल आणि दुसरा पडद्यावर बघेल. मग प्रत्येक रकान्याचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढा. मग आलेख. आलेखाचा कंटाळा करणाऱ्यांना मी संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बचे आकड्यांचे चार संच देते, १९७३ सालचे. चारही संचांत अकरा-अकरा बिंदू, सरासऱ्या सारख्या, सहसंबंध, म्हणजे दोन मोजमापं किती जोडीने बदलतात त्याचं माप, चारही ठिकाणी ०.८२ च्या आसपास. काढून बघितलं तर एक ठीकठाक ढगासारखा, एक सरळ सरळ वक्र, एकात एक बिंदू रेषेपासून लांब पडलेला, आणि एकात सगळा सहसंबंध एकट्या बिंदूच्या जिवावर उभा. सहसंबंधाचं प्रॅक्टिकल असेल तर हे चार आलेख आधी स्वतःच्या हाताने काढा. अर्धा तास लागतो.

कोणती चाचणी लावायची, हा प्रश्न मुलं फार मोठा करून ठेवतात आणि बाणांचे तक्ते पाठ करतात. मी फक्त दोन गोष्टी विचारायला लावते. तुम्ही काय मोजलंत: सेकंद किंवा गुण, की नुसती कोण कोणत्या गटात पडलं त्याची मोजणी? मोजणी असेल तर काय-वर्ग (chi-square) चाचणी. सेकंद किंवा गुण असतील तर दुसरा प्रश्न: हे दोन आकडे एकाच माणसाचे आहेत का? असतील तर जोडीची टी चाचणी, दोन वेगळ्या गटांचे असतील तर स्वतंत्र गटांची. तीन किंवा जास्त गट झाले की अनोव्हा, म्हणजे सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकत्र ताडून बघणारी चाचणी. पहिल्या वर्षाची बहुतेक प्रॅक्टिकलं एवढ्यात बसतात. वरचेच आकडे चुकून स्वतंत्र गटांच्या चाचणीत घातले तर टी ७.५३ ऐवजी ६.१५ येतो. इथे निष्कर्ष वाचला, पण फरक लहान असता तर वाचला नसता. मुळात शांतपणे, सावकाश बोलणारा माणूस दोन्ही यादींना जास्त वेळ घेतो. जोडीची चाचणी त्याची तुलना त्याच्याशीच करते, म्हणून हा स्वभावातला फरक बाजूला पडतो.

पी या आकड्याबद्दल मात्र घाई करू नका. एक वाक्य वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी त्यावरूनच अर्थ लावा: खरोखर काहीच फरक नसता, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते पी सांगतं. "शून्य परिकल्पना (म्हणजे खरोखर काहीच फरक नाही हे गृहीत) खरी असण्याची शक्यता" म्हणजे पी नव्हे. हा गैरसमज इतका पसरलाय की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी कसा वाचावा यावर वेगळं निवेदन काढलं. आणि पी ०.०५ च्या वर गेला म्हणून "फरक नाही हे सिद्ध झालं" असंही लिहू नका. पुरावा अपुरा पडला, एवढंच लिहा.

पी च्या शेजारी फरक किती मोठा आहे तेही हवंच. आपल्या उदाहरणात ९ सेकंद, आणि ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा सरासरी फरक ज्या पट्ट्यात असावा असा आपला अंदाज, ६.२ ते ११.८. वाचणाऱ्याला यातून जे कळतं ते "पी < ०.००१" मधून कधीच कळत नाही. कोहेनचा डी, म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे तो आकडा, मागितला असेल तर तो काढा, पण कोणत्या प्रमाण विचलनाने भागलंत ते लिहा. जोडीच्या मांडणीत तो एकाहून जास्त पद्धतींनी काढतात आणि उत्तरं वेगळी येतात. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, ही कोहेनची ढोबळ मापं आहेत. त्यांच्यावर निकाल ठरवू नका.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. तुमच्या विभागात एसपीएसएस असेल तर ते, नाहीतर जास्प आणि जामोवी फुकट मिळतात आणि पहिल्याच दिवशी जमतात. पुढे संशोधनात जायचं मनात असेल तर आर (R) ही आकडेमोडीची संगणक-भाषा आत्तापासून थोडी थोडी शिका. एका माणसाची एक ओळ, हा नियम पाळा म्हणजे निम्म्या अडचणी येणारच नाहीत. कागदावर सोडवलेलं उदाहरण आधी त्यात घाला. ७.५३ आलं तरच नवीन आकड्यांना हात लावा. पी च्या जागी ०.००० दिसलं तर ते तसं उतरवू नका, शक्यता शून्य कधीच नसते. पी < ०.००१ लिहा.

रिपोर्टमध्ये आधी साधं वाक्य, मग आकडे. "शाई आणि शब्द जुळत नसताना सहभागींना रंग सांगायला सरासरी ९ सेकंद जास्त लागले, टी (७) = ७.५३, पी < ०.००१." आकडे झाकून वाक्य वाचलं तरी काय घडलं ते कळलं पाहिजे. मी तपासताना खरोखर बोटाने आकडे झाकते.

आता तो सातवा आकडा, ३ सेकंद. या आठ जणांच्या कागदावर शेवटी "शेरा" असा एक रकाना होता. तो मी सगळ्यांना ठेवायला लावते. सातव्या ओळीत प्रयोग घेणाऱ्या मुलीने लिहिलं होतं: "डोळे किलकिले करून बघत होती." शब्द धूसर झाला की वाचला जात नाही, शाईचा रंग तेवढा दिसतो. सहभागीने आपोआप एक युक्ती शोधली होती. तिला वगळलं तर टी ७.५३ वरून १०.२५ वर जातो, आणि वर्गात लगेच सूचना आली, "मॅडम, मग काढूनच टाकूया ना."

काढायचं नाही. कोणाला वगळायचं त्याचा नियम आकडे बघण्याआधी लिहून ठेवायचा असतो. नंतर ठरवलं की आपण नकळत आपल्याला हवं ते उत्तर निवडतो. काहीच परिणाम नसताना एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या ०.०५ पातळीवर लावल्या, तर निदान एक तरी "सार्थक" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. पटत नसेल तर ०.९५ चा विसावा घात कॅल्क्युलेटरवर काढा आणि एकातून वजा करा. मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ लेखांपैकी ९७ टक्के निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच निघाले. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण आकडे बघून मग नियम ठरवणं हे त्यातलं एक, आणि ते आपल्या हातात आहे.

त्या जोडीने सातवी ओळ ठेवली, शेरा रिपोर्टमध्ये जसाच्या तसा उतरवला, आणि पुढच्या वेळच्या सूचनापत्रात एक ओळ घातली: "डोळे नेहमीसारखे उघडे ठेवा." आमच्या स्ट्रूपच्या सूचनांमध्ये ती ओळ आजही आहे.