पान, पृथ्वी, ओंजळ: पर्यावरण संस्थेच्या लोगोत या चुका टाळा

पर्यावरण संस्थांचे आठ-दहा लोगो शेजारी शेजारी मांडा आणि खालची नावं झाका. कोणता कोणाचा, सांगता येतं? बहुतेकांत हिरवं पान, निळी-हिरवी पृथ्वी, नाहीतर रोप धरलेली ओंजळ. पान वाईट नाही, पण ते काही सांगत नाही. कासवांची घरटी राखणाऱ्या संस्थेला आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या संस्थेला तेच पान कसं चालेल? डिझायनरला ‘आम्ही पर्यावरणासाठी काम करतो’ एवढंच सांगितलं की पानच हाती येणार. नेमका कोणता प्राणी, कोणतं पाणी, कोणता कचरा, ते सांगा.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव रक्षणाच्या जागतिक संस्थेचा पांडा 1961 सालचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ची-ची नावाच्या पांडावरून तो सुचला आणि संस्थेचे एक संस्थापक पीटर स्कॉट यांनी त्याला रूप दिलं. काळा-पांढरा प्राणी निवडण्यामागे छपाईचा खर्च वाचवणं हेही एक कारण होतं. हिरव्याचा ठिपकाही नाही, तरी कोणाचं काही अडलं नाही! आजच्या पांडाच्या पाठीला तर रेषाही नाही. ती आपला डोळाच पूर्ण करतो.

बहुतेक लोगो नेमके छपाईतच फसतात. संगणकावर पाच छटांचं ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसरीत विरघळणारा रंग, झकास दिसतं. मग पावतीपुस्तकावर, रबरी शिक्क्यावर त्याचा काळा डाग होतो. टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं तर प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे वेगळा खर्च. म्हणून आधी फक्त काळ्या रंगात, सेंटिमीटरभर आकारात छापून बघा. पानाच्या शिरा, पाण्याचे थेंब गायब झाले, तर ते मुळातच काढून टाका. रंग शेवटी ठरवा, आणि तोही कागदावर छापून. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आरजीबीतला, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा असतो. सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या छपाईत तो मळकट होतो, पुनर्वापराच्या करड्या कागदावर आणखीच.

पुनर्वापराचे तीन बाण लोगोत घुसडू नका. गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने 1970 साली एका स्पर्धेसाठी काढलेली ती खूण आज वेष्टनांवर सर्रास असते. त्यामुळे ती संस्थेची ओळख होऊ शकत नाही.

संस्थेचं पूर्ण नाव, स्थापनेचं वर्ष आणि ब्रीदवाक्य एकाच गोलात बसवण्याचा आग्रह बहुधा समितीतून येतो. त्यात देवनागरी अक्षरं गोल वळवली की शिरोरेषा तुटते, वेलांट्या एकमेकींवर चढतात. नाव सरळ ओळीत खाली घ्या. ब्रीदवाक्य लेटरहेडवर शोभतं.

लोगो फलकावर फाटल्यासारखा दिसत असेल, तर तुमच्याकडे बहुधा फक्त जेपीजी, म्हणजे ठिपक्यांचं बनलेलं चित्र आहे. डिझायनरकडून व्हेक्टर फाइल (रेषांची बनलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागा, एसव्हीजी किंवा पीडीएफ, आणि त्यातली अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून घ्या. नाहीतर छापखान्यात तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी होतात. फाइल संस्थेच्या खात्यात ठेवा, एखाद्या स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर नको.