सर्व्हरची डिस्क लॉगने भरतेय? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि काट्याच्या सर्व्हरवर लॉगचा, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या ज्या नोंदी फाइलीत लिहीत जातो त्यांचा, ढीग. वर्षभर निमूट चालणारं मशीन भर रात्री ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतं आणि पावती निघायची थांबते. मग घाईघाईत फाइल पुसणारं ‘आरएम’ मारलं जातं, आणि घोळ तिथूनच वाढतो.

लिनक्सवर फाइल पुसली की जातं ते फक्त तिचं नाव. ज्या प्रोग्रामने ती उघडून धरलीय तो लिहीतच राहतो, जागा काही सुटत नाही. डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ -एच’ शंभर टक्के दाखवतं आणि फाइलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज केली तर निम्मीही होत नाही. अशी तफावत दिसली की रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘एलएसओएफ +एल१’ चालवा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाइली, त्यांचा आकार आणि त्या धरून बसलेला प्रोग्राम, सगळं समोर येतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. पण मुळात चालू लॉग पुसायचाच कशाला? ‘ट्रंकेट -एस ०’ने फाइल जागच्या जागी रिकामी होते. त्याआधी ‘टेल’ने शेवटच्या हजारभर ओळी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. फाइल का फुगली याचा पुरावा त्यातच असतो, आणि लोक नेमका तोच आधी उडवतात.

कारण बहुतेकदा साधंच निघतं: बसवताना तपासणीसाठी लावलेली डीबग (बारीकसारीक सगळं लिहिणारी) पातळी तशीच राहून गेलेली. वजनकाट्याचा इंडिकेटर सेकंदाला समजा दहा वेळा आकडा पाठवतो आणि प्रोग्राम प्रत्येक आकड्याची शंभर बाइटची ओळ लिहितो. दिवसाला ८६ एमबी झाले. चार महिन्यांच्या हंगामात एका काट्यामागे दहा जीबी, तेही ट्रॉली काट्यावर नसताना शून्य-शून्य लिहून! पातळी ‘इन्फो’वर (नेहमीच्या मोजक्या नोंदी) आणा आणि स्थिर झालेलं वजन तेवढं नोंदवा.

आपल्या भागातल्या पतसंस्थांत आणखी एक प्रकार दिसतो. सभासदांना एसएमएस कन्नड आणि मराठी दोन्हीत जातात, आणि अख्खा मजकूर लॉगमध्ये उतरतो. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीमध्ये इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, तर देवनागरी किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन. काना-मात्राही वेगळी मोजली जाते. जेसन या डेटा लिहिण्याच्या साच्यात एस्केप करून, म्हणजे चिन्हाऐवजी त्याचा संकेतांक लिहिला तर सहा. एसएमएसचा क्रमांक आणि तो गेला की नाही, एवढं नोंदवलं तरी पुरतं. सभासदाचा खातेक्रमांक आणि मोबाइल लॉगमध्ये पडून राहत नाही, हा फायदा माझ्या मते जागेपेक्षाही मोठा.

लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करणारा, म्हणजे लॉग ‘फिरवणारा’ प्रोग्राम) बसवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ‘साइझ १००एम’ लिहिलं तरी तो आकार लॉगरोटेट चालेल तेव्हाच तपासला जातो, आणि बहुतेक ठिकाणी ते दिवसातून एकदाच चालतं. रात्रीतून फुगणाऱ्या फाइलसाठी ते दर तासाला चालवावं लागतं. त्यातला ‘कॉपीट्रंकेट’ (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) हा पर्याय सोपा वाटतो, पण ते आधी पूर्ण प्रत काढतं. म्हणजे डिस्क भरत आली असेल तर प्रतीलाच जागा नाही. शिवाय प्रत काढणं आणि मूळ रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात. प्रोग्रामला लॉग नव्याने उघडायला सांगता येत असेल तर ‘पोस्टरोटेट’ (लॉग फिरवल्यावर चालणारी कमांड) वापरा. आणि फाइलींच्या जागी नुसतं ‘*’ देऊ नका, ‘*.लॉग’ द्या, नाहीतर फिरवलेल्या फाइली पुन्हापुन्हा फिरत राहतात. बदल केल्यावर ‘लॉगरोटेट -डी’ने कोरडी चाचणी घ्या, म्हणजे फाइलींना हात न लावता काय होईल ते दिसतं.

जर्नलडीवर (लिनक्सचा स्वतःचा लॉग सांभाळणारी सेवा) उगाच संशय नको. मुळात त्याची मर्यादा फाइल सिस्टमच्या १० टक्के, तीही जास्तीत जास्त ४ जीबी. प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरचं मात्र उलटं: त्याच्या नेहमीच्या ‘जेसन-फाइल’ लॉगला मर्यादाच नसते. ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ दोन्ही द्या, आणि कंटेनर नव्याने बनवा. जुन्या कंटेनरला नवी सेटिंग लागू होत नाही, इथे भलेभले फसतात.

जागा कमी म्हणून आठवड्याचेच लॉग ठेवायचे, हेही चालणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, निगमित संस्था आणि सरकारी कार्यालयांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. तेव्हा ‘कॉम्प्रेस’ लावा आणि जुने गठ्ठे दुसऱ्या मशीनवर हलवा. हंगामाआधी त्या मशीनची डिस्कही एकदा बघून ठेवा.