अक्कलदाढ आणि तिची भीती : या चुका टाळा

माझी खालची उजवी अक्कलदाढ दोन वर्षांत चार वेळा ठणकली. चारही वेळा मी तेच केलं. रात्रभर गाल धरून बसले, सकाळी इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि तीन दिवसांत उतार पडला की "गेली बाई एकदाची" म्हणून कामाला लागले. पाचव्या वेळी तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडेना झालं. भाकरी दुधात कुस्करून चमच्याच्या टोकानं आत सारावी लागत होती. शेवटी सगळं धैर्य गोळा करून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर म्हणाले, "ताई, आज ही दाढ काढता येणार नाही. आधी सूज उतरू दे."

अक्कलदाढेच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक हीच. दुखत असतं तेव्हा आपण धावतो आणि तेव्हा ती काढायची वेळ नसते. दुखायचं थांबतं तेव्हा काढायची खरी वेळ येते, आणि नेमकं तेव्हाच आपण घरी बसतो.

असं का होतं ते सांगते. अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते, सगळ्यांच्या शेवटी. जबड्यात जागा उरलेली नसली की ती आडवी-तिडवी अडकते, नाहीतर अर्धीच वर येते. त्या अर्ध्या दाढेवर हिरडीची एक झालर राहते. भडंगातला शेंगदाण्याचा तुकडा, चिवड्यातली डाळ, भाकरीचा कण त्या झालरीखाली जाऊन बसतो. ब्रश तिथं पोचत नाही. मग हिरडी सुजते, वरची दाढ त्या सुजेवर चावते, ती आणखी सुजते. गोळ्यांनी हा भर ओसरतो, पण झालर आणि तिच्याखालची फट तशीच राहते. म्हणून चार-सहा महिन्यांनी पुन्हा तीच रात्र येते. मधल्या काळात पुढची चांगली दाढही त्या फटीतून किडू शकते, आणि ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

"सुन्नच झालं नव्हतं" या गोष्टी ऐकून बसणं

माझ्या भीतीचं मूळ आत्याच्या एका वाक्यात होतं. "इंजेक्शन देऊनबी सगळं कळत हुतं गं पोरी." हे वाक्य मी दहा वर्षं मनात धरून ठेवलं. आत्या खोटं बोलत नव्हती. पण तिची दाढ पू भरलेली असताना, गाल सुजलेला असताना काढली होती. संसर्ग असलेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथं भूल नीट चढत नाही. कट्ट्यावर, लग्नघरात, रिक्षात ऐकलेल्या दाढेच्या भीतिदायक गोष्टींमागे पुष्कळदा हीच चुकलेली वेळ असते. सूज उतरल्यावर गेलात तर तीच दाढ, तेच इंजेक्शन, पण अनुभव वेगळा.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. अक्कलदाढ आहे म्हणजे काढलीच पाहिजे असं नाही. सरळ आलेली, न दुखणारी, ब्रश नीट पोचणारी दाढ राहू द्यावी. ब्रिटनमध्ये तर 2000 सालीच सरकारी आरोग्यसेवेसाठी सूचना निघाली की अडकलेल्या अक्कलदाढेला काही आजार नसेल तर ती उगाच काढू नये. निर्णय ओपीजी एक्स-रे पाहून घ्यायचा. त्यात सगळा जबडा एका चित्रात दिसतो. दाढ किती वाकडी आहे, मुळं कशी आहेत आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस किती जवळ आहे ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. मला ते चित्र पाहून भीती वाटण्याऐवजी बरंच हलकं वाटलं.

घरगुती उपायांत होणारे घोटाळे

लवंगेचं तेल खरंच बधिर करतं, पण थेट बाटलीतून हिरडीवर ओतलं की हिरडी भाजते. लावायचंच तर थेंबभर, खोबरेल तेलात मिसळून, कापसाच्या टोकानं. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवणं त्याहून वाईट. तिथली त्वचा पांढरी पडून सोलते. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा खळखळून गुळण्या करा. साधा उपाय आहे, पण झालरीखालचं अडकलेलं यानंच निघतं.

मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून दोन दिवसांत बंद करणं ही आपल्याकडची घरोघरची चूक. दुसरी म्हणजे दोन वेगवेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या एकाच वेळी घेणं. दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं आणि मोठ्या माणसालाही ते दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. पाकिटाच्या मागचं बारीक वाचा. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोतच.

आणि मिश्री. दाढ दुखली म्हणून चिमूटभर मिश्री नाहीतर तंबाखू दाढेखाली धरायची, थोडं बरं वाटतं, आणि दुखणं गेल्यावर सवय मात्र राहते. माझ्या आईची मिश्री अशीच सुरू झाली आणि तीस वर्षं सुटली नाही. कुणाही घरातल्या बाईला हा उपाय सांगू नका, हात जोडून विनंती आहे. मावा-गुटखा खाणाऱ्याचं तोंड महिनोन् महिने हळूहळू कमी उघडत चाललं असेल, तिखट झोंबत असेल, तर त्याला अक्कलदाढ म्हणून सोडून देऊ नका. तो वेगळा आजार असू शकतो, लगेच दाखवा.

भीती लपवणं

मी खुर्चीत बसल्यावर "काही नाही, मी ठीक आहे" म्हणाले आणि माझी बोटं खुर्चीच्या हाताला इतकी आवळलेली होती की पांढरी पडली होती. डॉक्टरांनी ते पाहिलं, हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाले, "डावा हात वर केलात की मी थांबणार. एकदा करून बघा." मी हात वर केला. ते खरंच थांबले. त्यानंतर अख्ख्या वेळात मी तो हात एकदाच वर केला, तोही थुंकी गिळायला. ही खूण आधीच ठरवून घ्या.

इंजेक्शन दिल्यावर दोन मिनिटं छातीत धडधडतं, हात थरथरतात. आपल्याला वाटतं आता काहीतरी होणार. भुलेच्या औषधात ॲड्रेनलिन असतं, त्यानं हे होऊ शकतं आणि ओसरतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

भूल चढल्यावर वेदना जाते, पण दाब कळतो. ढकलल्यासारखं, रेटल्यासारखं वाटतं. दाढेचे तुकडे करताना कडकड आवाज येतो, तो हाडातून थेट कानात पोचतो म्हणून खूप मोठा वाटतो. दाब आणि आवाज सहन करायचे. पण टोचल्यासारखी कळ आली तर सहन करू नका, हात वर करा, आणखी भूल देता येते. अडकलेली दाढ असेल तर ओरल सर्जनकडे जायला संकोच करू नका.

उपाशीपोटी जाऊ नका. फक्त जागा बधिर करून काढणार असतील तर दोन तास आधी नीट जेवून जा, नाहीतर चक्कर येते आणि दोष इंजेक्शनला लागतो. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढे तास उपाशी राहायचं. सकाळची वेळ घ्या, दिवसभर धास्ती वागवावी लागत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी, साखर, बीपी, आधीची ॲलर्जी हे सगळं सांगा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

काढून आल्यावर

दिलेला बोळा 30 ते 45 मिनिटं घट्ट चावून धरायचा आणि थुंकायचं नाही. रक्ताची चव आली की आपण सारखे थुंकतो, आणि खड्ड्यात जमलेली गाठ निघून जाते. खरं तर तीच गाठ जखमेचं झाकण. स्ट्रॉ नको, पहिल्या दिवशी गुळण्याही नकोत. विडी-सिगारेट, तंबाखू निदान आठवडाभर पूर्ण बंद. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ, वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकेच गुळण्या.

खायला गार आंबील, दही-भात, मऊ वरण. मिसळ आणि तांबडा रस्सा आठवडाभर नाही. पांढरा रस्सासुद्धा पहिले दोन दिवस गरम पिऊ नका. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका, माझ्या भावानं आपलाच गाल चावून घेतला होता.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. आरशात बघून हबकू नका, नंतर ती उतरते. पण दुखणं कमी होत आलेलं असताना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकदम कानापर्यंत सणक मारू लागली, तोंडाला वास आला, तर गाठ निघून हाड उघडं पडलेलं असतं. गोळ्या वाढवत घरी बसू नका. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि तासाभरात फरक पडतो. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर तेही कळवा.

ताप चढला, सूज हनुवटीखाली-गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. दाढ काढलेली असो वा नसो, मध्यरात्र असली तरी थेट सीपीआरचा (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा) अपघात विभाग किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.