सशाला माप लागत नाही

स्वेटर विणायचा म्हटलं की छाती मोजा, बाही मोजा, आणि विणून होईपर्यंत ज्याच्यासाठी विणला त्याचं पोट सुटलेलं. म्हणून भेट द्यायला मी हल्ली ससे विणते. मुठीत मावणारा, जरा वेंधळा दिसणारा ससा. त्यासाठी एक साधा चौकोन विणता आला की झालं. गोल विणणं नको, चार सुया नकोत.

लोकर मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, केसाळ लोकर उसवता उसवत नाही. गुंड्यावरच्या कागदावर 4 मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर तुम्ही 3.25 ची घ्या. वीण घट्ट हवी, नाहीतर आत भरलेला फायबर (उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा) टाक्यांतून डोकावतो. एका सशाला 10-15 ग्रॅम लोकर पुरते, त्यामुळे उरलेसुरले गुंडेही मार्गी लागतात.

सुईवर 30 टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणत जा. दोन ओळींची मिळून एक उठावदार धारी दिसते. ओळी मोजत बसू नका, धाऱ्या मोजा. 30 धाऱ्या झाल्या की चौकोन झाला, कारण या विणीत जेवढे टाके तेवढ्या धाऱ्या हे गणित बहुतेक वेळा बसतं. खात्री नसेल तर कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमडून बघा. आणि हो, 15 धाऱ्यांनंतर लोकरीचा रंग बदललात तर सशाला आयती विजार मिळते! टाके सैलसर बंद करा.

आता खरी गंमत. चौकोन समोर पसरा, विजारीची बाजू खाली. मोठ्या सुईत दुहेरी, दणकट दोरा ओवा. लोकर इथे वापरू नका, ओढताना तुटते. बरोब्बर मधून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा धावदोरा घाला. तिथून तिरकं वर, वरच्या कडेच्या मध्यावर जा आणि तिरकंच खाली उतरून सुरुवातीच्या जागी या. त्रिकोण झाला. त्रिकोणाच्या मधोमध फायबरची एक गोळी ठेवा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं हळूहळू ओढा. त्रिकोणाचं डोकं होतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. हे पहिल्यांदा होताना बघायला मुलं असतील तर जवळ बोलवा. घट्ट गाठ मारा.

खालच्या भागाच्या दोन्ही कडा पाठीमागे आणून शिवा, फायबर चिमटी-चिमटीने भरा, तळाला धावदोरा घालून आवळा. कापूस भरू नका, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. शेपटीला छोटा गोंडा.

चेहऱ्याला मात्र घाई नको, ससा कोणाचा ते तिथेच ठरतं. रंगीत डोक्याच्या दोन टाचण्या टोचून लांबून बघा. डोळे खाली आणि लांब-लांब असले की तो लहान बाळ वाटतो. जवळ-जवळ आणले की संशयी. एक डोळा एक धारी वर चढवला की कायमचा गोंधळलेला, आणि मला तोच आवडतो. उशिरा उठणाऱ्या मैत्रिणीला मिटलेल्या डोळ्यांचा द्या, चष्मेवाल्या काकांना बारीक तारेचा चष्मा घातलेला. तोंडाला एक आडवा टाका पुरे. हसू काढायला गेलं की सगळे ससे सारखेच दिसतात.

तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा असेल तर मणी, बटणं, तार काही नको. डोळे दोऱ्यानेच भरा, आणि शेपटी ओढून बघा, निघते का.